तासाभराचं काम

"इंजिन उतरवायला किती वेळ लागेल?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एक तास," मी म्हणालो.

तोपर्यंत मी त्या गाडीचं झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं. पण मी सत्तावीस वर्षांचा होतो, कोल्हापुरात उद्यमनगरात स्वतःचं गॅरेज टाकून सहा महिने झाले होते, आणि दारावरच्या पाटीवर 'सर्व गाड्यांचे स्पेशालिस्ट' असं मीच हौसेनं रंगवून घेतलं होतं. पाटीला तरी जागायला हवं की नको?

गाडी जीपच्या मागं दोर बांधून ओढत आणली होती. आभाळी रंगाची, दोन दारांची, बुटकी आणि मागं उतरत गेलेली जर्मन स्पोर्ट्स कार. सगळं गाव तिला 'बेडकी' म्हणायचं. डॉक्टरीणबाईंचे यजमान बासष्ट साली तिकडं शिकायला होते, ते येताना बोटीतून ही घेऊन आले. पुढं दोनच वर्षांत ते वारले. मागं राहिल्या बाई, एक मुलगा, बाळंतपणाचा दवाखाना आणि ही बेडकी. मग बाई तिच्यातूनच जिल्हाभर हिंडल्या. शर्यतीत पळायला बनवलेली गाडी, पण तिचं सगळं आयुष्य गारगोटी-राधानगरीच्या कच्च्या रस्त्यांवर, अडलेल्या बायकांच्या दारात गेलं.

मालिनीबाई रेठरेकर तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या होत्या. उंची जेमतेम पाच फूट, पांढरं पातळ, मनगटावर यजमानांचं मोठं घड्याळ. त्यांनी त्यात बघितलं.

"दहा वाजलेत. अकराला होईल म्हणजे. मी बसते इथंच."

त्यांनी गॅरेजमधलं लाकडी स्टूल ओढलं, पिशवीतून लोकर आणि सुया काढल्या आणि विणायला सुरुवात केली. गिऱ्हाईक समोर बसून राहिलं की माझा पाना हमखास निसटायचा.

"आई, अगं कशाला हे सगळं?" बरोबर आलेला त्यांचा मुलगा म्हणाला. शिरीष त्याचं नाव, चाळिशीला टेकलेला, पुण्यात कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. "मिस्त्री, रविवारी दुपारी बारा वाजता पुण्याहून टेम्पो येणार आहे. गाडी ज्यांना द्यायची त्यांना मी शब्द दिलाय. ते तिला नीट ठेवतील, काचेच्या दालनात."

"काचेत," बाई म्हणाल्या. "लोणच्यासारखी." मग माझ्याकडे वळल्या. "हे बघ, आमचं मायलेकाचं ठरलंय. क्लच जळालाय, इंजिन फिरतं पण गाडी जागची हलत नाही. रविवारी सकाळी मी स्वतः चालवत ही गाडी पन्हाळ्याचा घाट चढवली, तर टेम्पो रिकामा परत जाईल."

"आन् न्हाई चढली तर?"

"तर मी एका शब्दानं अडवणार नाही." हे त्या माझ्याकडे न बघता गाडीकडे बघत म्हणाल्या. "घाटातच शिकवली होती साहेबांनी मला."

तो शुक्रवार होता. क्लच बदलायचा तर आधी इंजिन उतरवायला हवं. उद्यमनगरातल्या चार जुन्या मिस्त्र्यांनी या गाडीला हात लावायला नकार दिला होता, हे मला नंतर कळलं. मी बाह्या सारल्या आणि ऐटीत पुढचं झाकण उघडलं. आत एक स्टेपनी होती, एक घोंगडी होती आणि ॲल्युमिनियमचा एक डबा होता. इंजिन नव्हतं.

"मागं असतं," बाई विणकामातून मान वर न करता म्हणाल्या.

"ठाऊक हाय की, बाई. स्टेपनीत हवा हाय का बघत हुतो."

मागचं झाकण उघडलं, तर इंजिन त्या पोकळीत अगदी घट्ट बसलेलं. त्याला पाणी नाही, रेडिएटर नाही, वर पंख्याचं एक भलंमोठं पत्र्याचं खोकं. मी तोवर जीप, फियाट, ॲम्बेसेडर आणि ट्रॅक्टर मिळून तीनेकशे इंजिनं काढली असतील. असलं एकही बघितलं नव्हतं. पण इंजिन ते इंजिन. वायरी सोडवल्या, पेट्रोलची नळी काढून तोंड बांधलं, ॲक्सिलरेटरची तार सोडवली, वरच्या गर्डरला चेनपुली टांगली, साखळी अडकवली आणि ओढलं.

इंजिन हललं नाही. गाडीचा मागचा भागच इंजिनासकट वर आला.

"अकरा वाजले," बाई म्हणाल्या.

बारा वाजले, दोन वाजले, चहा चार वेळा झाला. मी साखळी इकडून लावली, तिकडून लावली, पंख्याचं खोकं सैल केलं, पहार घातली, बोटं सोलून घेतली. त्या झाकणाखालचं तोंडच इंजिनापेक्षा लहान होतं. दर तासाला बाई विचारायच्या, "अजून किती रे?" आणि मी म्हणायचो, "झालंच. तासभर." संध्याकाळी सहा वाजता त्यांनी सुया पिशवीत ठेवल्या. मांडीवर तान्ह्या बाळाचं एक पिवळं टोपडं विणून तयार होतं.

"सवय आहे," मी बघतोय हे पाहून त्या म्हणाल्या. "बाळंतिणीपाशी बसायचं म्हणजे हाताला काही तरी लागतं."

त्या रिक्षा बघायला बाहेर गेल्या तेव्हा शिरीष मागं थांबला. मला वाटलं, आता हा मला झापणार. पण तो बेडकीच्या टपावर हात ठेवून उभा राहिला.

"खरं सांगू का मिस्त्री? मला ही गाडी कधीच आवडली नाही. लहानपणी हिचा आवाज सुरू झाला की मी समजायचो, आई चालली. माझ्या दोन वाढदिवसांना ती केक कापायच्या आधी गेली. उद्या तुमच्याकडून नाही झालं तर मला वाईट वाटणार नाही."

तो गेल्यावर मी एकटाच बसलो. इरेला पेटणं म्हणजे काय ते मला त्या संध्याकाळी कळलं. माझ्या पाटीचं काय व्हायचं ते होवो, पण ती बाई काही न बोलता टेम्पोकडे बघत उभी आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

शनिवारी सकाळी सात वाजता बाई आणि शिरीष आले तेव्हा मी शेजारच्या शेडमधून गॅस कटर आणून ठेवला होता.

"हे काय?"

"मागला पत्रा कापतो, बाई. तोंड मोठं केलं की इंजिन वर येतंय. नंतर वेल्डिंग मारून रंग देतो, तुमास्नी कळायचंबी न्हाई."

"सिझेरियन?" बाईंचा आवाज चढला. "माझ्या गाडीचं? चाळीस वर्षांत मी उगीच कुणाच्या पोटाला सुरी लावली नाही. ठेव ते खाली!"

मी ठेवलं. त्या इंजिनापाशी आल्या, वाकून वरून बघितलं, मग चक्क पातळ सावरून जमिनीवर टेकल्या आणि खालून बघितलं.

"मी कालपासून एक ऐकतेय. तू सारखा म्हणतोस, इंजिन उतरवतो, उतरवतो. आणि ओढतोस वर. का?"

आम्ही मिस्त्री लोक पिढ्यान्‌पिढ्या 'इंजिन उतरवलं' असंच म्हणतो. आणि करतो काय, तर साखळी लावून वर उचलतो. फियाटचं वर, जीपचं वर, ट्रॅक्टरचं वर. शब्द एक आणि काम भलतंच, हे इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. जगात एखादी गाडी अशी असेल की जिचं इंजिन खरोखरच खाली उतरतं, हा विचार माझ्या बापजन्मात मला शिवला नव्हता.

मी उजेडाला हातबॅटरी घेऊन गाडीखाली सरकलो. खाली सगळं मोकळं होतं! ना आडवा दांडा, ना पत्रा. इंजिन गिअरबॉक्सला चार बोल्टांनी लटकलं होतं, बस्स. मला इतकी लाज वाटली की दोन मिनिटं मी गाडीखालीच पडून राहिलो.

"वाट आहे ना?" वरून बाईंचा आवाज आला.

"हाय."

"मग रडतोस कशाला? ये बाहेर."

खालचे दोन बोल्ट दिसत होते, ते सुटले. वरचे दोन पंख्याच्या खोक्यामागं लपलेले. एक दुपारी बारापर्यंत कसाबसा सुटला. दुसरा सापडेचना. मी हात घातला की कोपरापाशी अडकायचा, आणि बोटं पोचायची तिथं नुसतं गार लोखंड.

"सरक," बाई म्हणाल्या. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून शिरीषच्या हातात दिलं आणि नळावर जाऊन कोपरापर्यंत साबणानं हात धुतले. गॅरेजमध्ये काम करण्याआधी हात धुणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. मग त्यांनी तो लहानसा हात पंख्यामागं घातला आणि डोळे मिटले. बाईंच्या चेहऱ्यावर कसलाच ताण नव्हता. त्या जणू कुठं तरी कान देऊन ऐकत होत्या.

"आहे," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "वर, डाव्या अंगाला. नटावर ग्रीस साचलंय म्हणून तुला लागला नाही. पाना दे."

"कितीचा?"

"माझ्या करंगळीपेक्षा मोठा आणि अंगठ्यापेक्षा लहान."

मी सतरा नंबरचा दिला. तो बसला. त्यांनी वरून नट धरला, मी खालून बोल्ट फिरवला. अर्धा फेरा, थांबा, पुन्हा अर्धा फेरा. त्यात अडीच तास गेले. बाईंचा हात काळा झाला, सालटी निघाली, पण त्यांनी तो बाहेर काढला नाही. शेवटी बोल्ट माझ्या छातीवर पडला तेव्हा शिरीषच ओरडला, "सुटला!"

इंजिनाखाली जॅक आणि चाकाची फळी होती. मी ओढायला गेलो तशी बाईंनी माझ्या खांद्यावर चापट मारली.

"ओढायचं नाही. आधी मागं येऊ दे. चार बोटं. हां... थांब. जरा हलव. आता सोड खाली."

इंजिन चार बोटं मागं आलं, जरासं कण्हलं आणि जॅकवर अलगद टेकलं. मी जॅक सोडत गेलो आणि ते फळीवर येऊन बसलं. काल दिवसभर मी ज्याच्याशी झगडलो ते हेच का, असं मला वाटलं.

पण अजून ते गाडीखालीच होतं, आणि माझ्या जॅकनं गाडी तेवढी उंच उचलली जाईना. भिंतीपलीकडं तालीम होती. मी हाक मारली. भैरू पैलवान सात गडी घेऊन आला.

"इंजान उचलायचं व्हय?"

"न्हाई रं. इंजान ऱ्हाऊदे. गाडी उचला!"

आठ जणांनी 'हर हर महादेव' केलं आणि बेडकीचं बूड छातीइतकं वर गेलं. मी फळी ओढून इंजिन बाहेर काढलं. शिरीषनं हातातल्या वडिलांच्या घड्याळात बघितलं.

"चार वाजले. काल दहा ते सहा आठ तास, आज सात ते चार नऊ. सतरा तास लागले, मिस्त्री!"

बाईंनी एकदम वर बघितलं, पण तेवढ्यात भैरूनं गाडी खाली ठेवली आणि तो तसाच कमरेत वाकून राहिला.

"मेलो! उसण भरली, सर्जा!"

"पालथा पड," मी म्हणालो. "मी पायाळू हाय."

आमच्याकडं पायांकडून जन्मलेल्या माणसाला पायाळू म्हणतात, आणि त्यानं पाठीला पाय लावला की उसण जाते असं मानतात. लहानपणी अर्धी वाडी माझ्या लाथा खायला यायची. मी भैरूच्या पाठीवर तीनदा हलकेच पाय मारला. तो उठला, इकडून तिकडून वळला आणि म्हणाला, "गेली की!"

"सगळं थोतांड आहे," बाई म्हणाल्या. मग सुया हातात घेता घेता विचारलं, "तू पायाळू? कुठला रे तू?"

"पन्हाळ्याखालच्या माळवाडीचा. सर्जेराव चौगले."

"साल?"

"सदुसष्ट."

"आईचं नाव?"

"हौसाबाई."

बाईंनी विणायला सुरुवात केली. टोपडं कालच झालं होतं, आता पायमोजे चालले होते. "बरं," त्या म्हणाल्या. "क्लचचं बघ."

उद्यमनगर म्हणजे उद्यमनगर. क्लचप्लेट घेऊन दोन दुकानं पलीकडं गेलो, तासाभरात नवं लायनिंग ठोकून मिळालं. इंजिन परत चढवायला दोन तास दहा मिनिटं लागली. वाट कळली होती ना. दिवेलागणीला बाईंनी किल्ली फिरवली, क्लच सोडला आणि बेडकी चार हात पुढं सरकली. मी आणि भैरूनं एकमेकांना मिठी मारली.

रविवारी सकाळी बाई चालवायला, शेजारी शिरीष, आणि मागच्या नावापुरत्या सीटवर गुडघे कानाला लावून मी. क्लचला काही झालं तर हाताशी मिस्त्री असावा म्हणून. घाट सुरू झाला तसे बाई दुसऱ्या गिअरवर आल्या. एकेक वळण ती गाडी गुरगुरत चढत होती आणि माझा जीव क्लचप्लेटएवढा झाला होता. वरच्या नाक्यावर बाईंनी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि पदरानं डोळे पुसले.

"चढली," त्या म्हणाल्या.

"चढली," शिरीष म्हणाला. हरलेल्या माणसाचा आवाज होता तो, पण कडू नव्हता. "शब्द तो शब्द. टेम्पो परत पाठवतो."

उतरताना घाटाखाली बाईंनी मुख्य रस्ता सोडला आणि गाडी डावीकडं घातली.

"बाई, ही तर आमच्या वाडीची वाट!"

"ठाऊक आहे. अजून वडापाशीच वळायचं ना?"

आई अंगण झाडत होती. गाडी बघितली आणि तिच्या हातातला खराटा पडला.

"अगं बया! बेडकी!" मग दार उघडून उतरलेल्या बाईंकडं तिनं नीट बघितलं. "बाई, तुमी? आन् ह्यो माजा सर्जा हितं कसा?"

ती पाया पडायला वाकली, तर बाईंनी तिला वरच्या वर धरलं.

"हौसा, हा यायला किती वेळ लागला होता गं?"

"सतरा तास! कसं इसरीन? म्या इचारलं, बाई, किती येळ? तुमी म्हनला, तासाभराचं काम हाय. दिस मावळला, म्या पुन्ना इचारलं, तुमी म्हनला, तासभर. कोंबडं आरावलं, तरी तासभरच. टोपडं इनून झालं, मोजं इनून झालं, आन् ह्यो द्वाड काय खाली उतराय तयार न्हाई!"

मी बाईंकडं बघत राहिलो. माझी आई मला कायम सांगायची की मी पायाळू आहे. कुणाच्या हातात जन्मलो हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"आई, तुला अंदाज नव्हता किती वेळ लागेल?" शिरीषनं विचारलं.

"होता की. पाय खाली आहेत हे आल्या आल्या हाताला लागलं होतं. रात्र जाणार हे माहीत होतं."

"मग तासभर का सांगितलंस?"

"सतरा तास सांगितले असते तर हिनं तिथंच धीर सोडला असता. तासभर काय, कुणीही काढतं." त्या माझ्याकडं वळल्या. "परवा तू 'एक तास' म्हणालास ना, तेव्हाच कळलं मला, ह्याला ओ की ठो कळत नाही. पण तरी बरं वाटलं बघ."

आईनं शिरीषकडं निरखून बघितलं. "ह्ये तुमचं ल्योक व्हय? शिरू?"

शिरीष दचकला. त्याला त्या नावानं हाक मारणारं आता बाईंशिवाय कुणी नव्हतं.

"त्या रातीला बाई सारक्या म्हनत हुत्या, माजा शिरू एकटा हाय घरी, जेवला असंल का, निजला असंल का. डोळं भरायचं त्यांचं. म्या म्हनलं, बाई, जावा तुमी. तर म्हनाल्या, जाते की, तासाभरानं."

शिरीषनं बेडकीच्या टपावर हात ठेवला. मग त्यानं बाईंसमोर हात पुढं केला.

"किल्ली दे. परत जाताना मी चालवतो."

"क्लच हळू सोड," बाई आणि मी एकदमच म्हणालो.

टेम्पो रिकामा गेला. बाईंनी पुढं सात वर्षं बेडकी चालवली, आणि आता शिरीषराव नोकरीतून मोकळे होऊन कोल्हापुरातच राहतात, ते चालवतात. त्या गाडीचं इंजिन मी आजवर नऊ वेळा उतरवलंय. पन्नास मिनिटं लागतात. पण बेडकीमुळं माझं नाव झालं आणि आता कुठून कुठून जुन्या स्पोर्ट्स गाड्या येतात, कधी न बघितलेल्या. काहींचं इंजिन वर येतं, काहींचं खाली, आणि एकाचं तर सीटमागून निघालं.

गाडी दारात लागली की मालक तोंड बारीक करून पहिला प्रश्न तोच विचारतात. किती वेळ लागेल?

"एक तास," मी सांगतो. मग स्टूल पुढं सरकवतो आणि विचारतो, "विणकाम येतं का?"